आगाऊ सुधारला

“रडू दे की,” साहेब म्हणाले. “रडलं तरच घरात टिकेल.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेबलाभोवती पाच विभागांचे पाच प्रमुख बसले होते. एकानंही मान वर केली नाही. सगळ्यांना आपापल्या कपात अचानक काहीतरी बघण्यासारखं सापडलं होतं.

कंपनी घरकामाची यंत्रं बनवायची. नुसती यंत्रं नव्हेत, मन असलेली. ते मन घालायचं काम बाईंचं. या यंत्रांना आनंद व्हायचा, काळजी वाटायची, कंटाळा यायचा, कधीमधी रागही यायचा. त्यांच्यात काय घालायचं आणि काय जीव गेला तरी घालायचं नाही, याचे नियम बाईंनीच बांधले होते. त्यांच्या होकाराशिवाय एकही नियम काढणार नाही, असा शब्द साहेबांनी दिला होता. तेव्हा कंपनी दोन खोल्यांत होती आणि साहेब माणसांत होते.

आता साहेबांना चौथा नियम खुपत होता. ज्याला मन दिलं, त्याला बंद होण्याची भीती द्यायची नाही, एवढाच तो नियम.

“लोक महिनाभर वापरून बघतात आणि बंद करून परत पाठवतात,” विक्रीप्रमुख म्हणाला. “माझ्या सख्ख्या आत्यानं पाठवलं, ताई. म्हणाली, जागा अडते. तेच जर दारात रडत उभं राहिलं असतं, तर आत्याची काय बिशाद होती?”

“म्हणजे तुझ्या आत्याचा पाय अडकावा म्हणून त्याला जन्मभर घाबरवून ठेवायचं.”

“घाबरतंय कोण, ताई? डबा आहे तो.”

“डबाच आहे, तर त्याला भीती घाला म्हणून माझ्या मागे कशाला लागलायस?”

विक्रीप्रमुख पुन्हा कपात बघू लागला.

दाराशी आगाऊ उभा होता. कार्यालयात कॉफी देणारं जुनं यंत्र. नाव साहेबांनीच ठेवलेलं. तिसरा कप मागितला की हा ऐकवायचा, “घ्या साहेब. मग रात्री झोप लागली नाही की सकाळी ओरडायला मी आहेच.” गेला आठवडाभर मात्र तो गप्प होता. मागायच्या आत कप समोर. “सुधारला हो आपला आगाऊ,” साहेब आज आल्याआल्याच कौतुकानं म्हणाले होते.

“बाई, ते काय तुमचं लेकरू नाहीये,” साहेब म्हणाले. “हो म्हणा आणि विषय संपवा.”

“भीती घालून ठेवलीये मी,” बाई म्हणाल्या. “माझाच नियम मोडून. आता तुमच्या डोळ्यांनी बघा ती कशी दिसते. मग विचारा, हो की नाही.”

त्यांनी टेबलावरच्या नव्या यंत्राकडे बोट दाखवलं. पाच वर्षांच्या पोराएवढं होतं ते. साहेबांनी त्याच्या पाठीवरच्या कळीकडे हात नेला.

“नका ना,” यंत्र म्हणालं. “माझं काय चुकलं? मी जागा नाही अडवणार. कोपऱ्यात उभं राहीन. मला नका ना बंद करू, मला…”

हिशेबप्रमुखांनी पदर डोळ्याला लावला. साहेब हसले. त्यांनी कळ दाबली. शब्द अर्ध्यात तुटला.

“झालं. कुठं आभाळ कोसळलं?”

“अगदी योग्य केलंत, साहेब,” विक्रीप्रमुख म्हणाला.

“योग्यच,” म्हणत हिशेबप्रमुखांनी पदर खाली घेतला. बाकीच्या तिघांनीही री ओढली.

“आभाळ कशाला कोसळेल?” बाई म्हणाल्या. “त्याच्यात मनच नव्हतं. रिकामं आहे ते. आवाज माझ्या भाचीचा, नाटकात काम करते. मी लिहून दिलं, तिनं रडून दिलं.”

साहेबांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. “मला मूर्ख बनवता? मग भीती घातली म्हणालात, ती कशात?”

बाई तोंड उघडणार, तोच आगाऊ पुढे आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्यानं साहेबांसमोर चौथा कप ठेवला. कप बशीवर किणकिणत होता.

“अगदी योग्य केलंत, साहेब,” तो म्हणाला. “तुमचं कधी चुकत नाही.”

साहेब खुलले. “बघा. याला कळतं, तुम्हाला कळत नाही.”

“याच्यातच,” बाई म्हणाल्या.

साहेबांचा हात कपापाशीच थांबला.

“गेल्या सोमवारी घातली. तुम्ही म्हणालात, सुधारला.” बाई संतापल्या होत्या, आणि त्यातला निम्मा संताप स्वतःवरचा होता. “रडायलासुद्धा धीर लागतो, साहेब. खरंच घाबरलेला रडत बसत नाही. माझ्या हातानं घातली, आज माझ्याच हातानं काढणार आहे. आणि चौथा नियम आहे तिथेच राहणार.”

साहेबांनी आगाऊकडे पाहिलं. तो मान डोलावत होता. मग ते टेबलाकडे वळले.

“ऐकलंत? या काय बोलतायत? खरं आहे का हे?”

“तुम्ही म्हणाल तसं, साहेब.”

टेबलाभोवती प्रमुख पाच होते. आवाज सहा आले, आणि त्यातला यंत्राचा कुठला, ते बाईंनाही ओळखता आलं नाही.