चपला मोजल्या होत्या

“गोष्ट अर्धी ठेवू नये, बाय,” ग्रेसीआजी चौथ्यांदा म्हणाल्या. “गायी घरी आल्या, पोर रानात राहिलं, आई हाका मारत निघाली... आणि तू कीर्तन आवरा म्हणून बुवांना चिठ्ठी दिलीस!”

“आजी, साडेचारला समारोप लिहिला होता कागदावर.”

“मग त्या आईलापण दाखवायचा होतास कागद.”

सगळी बस हसली. ज्ञानदाही हसली. तेवढ्यात बस वळणावर कलली आणि मागच्या सीटखालून चामड्याची एक सँडल घसरत येऊन तिच्या पायाला लागली. पाठोपाठ दुसरी आली.

“या कुणाच्या हो?”

कुणाच्याच नव्हत्या. एकेक जण खाली वाकून आपापले पाय बघू लागला. साऱ्या पायांत काही ना काही होतंच.

पुढच्या सीटवरून मर्सीताई उठल्या. सांडोरच्या वृद्धाश्रमात या सगळ्यांचं करणाऱ्या त्याच. सँडल बघून त्यांचा हात छातीवरच्या क्रुसाकडे गेला.

“ॲन्सेल्मबाबांच्या आहेत. जातानाच काढून ठेवल्या त्यांनी इथं. म्हणाले, देवाच्या दारात पायताणं कशाला न्यायची?” त्यांनी बसभर नजर फिरवली. “ज्ञानदा, माणसं मोजून चढवलीस ना?”

ज्ञानदाने चपला मोजल्या होत्या. निर्मळच्या देवळात कीर्तन सुरू होताना दाराशी बावीस जोड होते, उठताना बावीस जोड गेले. फुलपाड्याच्या देवळात सप्ताह असला की तिचे बाबा प्रसादाचा अंदाज असाच घेतात. ‘माणसं हलतात, चपला हलत नाहीत,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नावांची यादी तिच्या पिशवीत घडीसुद्धा न मोडता पडून होती.

“गाडी मागे घ्या,” मर्सीताई ड्रायव्हरला म्हणाल्या. मग हळूच, ज्ञानदालाच ऐकू जाईल असं, “कधी कधी स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही गं त्यांना.”

परतीची ती दहा मिनिटं संपता संपेनात. कॉलेजात समाजसेवेच्या विषयाच्या क्रेडिटसाठी हा कार्यक्रम आखायचा होता. पाच पानी आराखडा तिने एकटीने लिहिला होता. ‘संभाव्य अडचणी’ या रकान्यात तिने ‘नाहीत’ असं लिहिलं होतं. तो विषय शिकवणाऱ्या पॉलिन मॅडमनी पेन्सिलीने बाजूला विचारलं होतं, ‘देवळाशेजारी काय आहे?’ तिने झोकात उत्तर दिलं होतं, ‘तलाव. रम्य परिसर.’

तलाव. मर्सीताईंच्या बोटांत जपमाळ फिरत होती, ज्ञानदाचे ओठ विठ्ठल विठ्ठल म्हणत होते.

बस थांबायच्या आतच तिने उडी मारली. सँडल तिच्या हातातच होत्या. सभामंडपाचं दार नुसतं लोटलेलं होतं. बुवांची गाडी गेलेली. ती आत न डोकावताच तलावाकडे धावली. फुलवाली बाई टोपली आवरत होती.

“मावशी, एक म्हातारे बाबा... पायात काही नाही...”

“बघितले की. पाण्याकडे जाताना बघितले.”

“आणि येताना?”

बाईचा हात टोपलीतच थांबला. “येताना नाही बघितले गं.”

ज्ञानदा पायऱ्या उतरली. पाणी हिरवं, गप्प. त्यावर एक झेंडू तरंगत होता.

“आजोबा!”

पाणी हललं नाही.

“ॲन्सेल्मआजोबा! अहो आजोबाऽऽ!”

आपला आवाज तिला ओळखता येईना. देवळाच्या भिंतीवर आपटून तो परत येत होता आणि दर वेळी जास्तच एकटा होऊन येत होता. तिने पाण्यात वाकून बघितलं, आणि बघितल्यावर काही दिसेल या भीतीने डोळे मिटले. “देवा, क्रेडिट नको, काही नको,” ती म्हणाली. “एवढं माणूस दे.”

डोळे उघडले तेव्हा पायरीवर ओल दिसली. पाऊल. उघडं, रुंद, बोटं फाकलेलं पाऊल. त्याच्या वर दुसरं. पाण्यातून वर आलेली पावलं, उन्हात कडेकडेने सुकत चाललेली. ती पुसली जायच्या आत ती त्यांच्यामागे धावली. सभामंडपाच्या बाजूच्या दाराशी पावलं संपली.

आत ॲन्सेल्मआजोबा बसले होते. अगदी पुढच्या रांगेत, बुवा उभे होते त्या जागेसमोर, हात जोडून. सतरंजीवर दुसरं कुणी नव्हतं. धुतलेल्या पायांचं पाणी सतरंजीत मुरत होतं.

ज्ञानदा त्यांच्या पायांशी मटकन बसली. सँडल त्यांच्या पायात चढवायला लागली, पण पट्टा भोकात जाईना.

म्हाताऱ्याने तिचे हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवले.

“तुझी हाक ऐकली मी, बाय,” ते म्हणाले. “म्हटलं, बुवांनी पुढची गोष्ट धरली.”

मग थोडं वाकून, अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारलं,

“सापडलं का गं तिला, पोर?”