छापखान्याचं भूत

आमच्या कोलकात्यात छपाईतल्या चुकीला छापखान्याचं भूत म्हणतात. आमचे संपादक निरुपमदा तेवढं एकच भूत मानायचे आणि लाल पेन्सिलीनं त्याला टिपायचे. त्यांच्या विज्ञानकथांच्या मासिकात भूतकथा घुसवायला मालक नंदीबाबू तीस वर्षं टपले होते. निरुपमदा गेले, आणि श्राद्धही व्हायच्या आत नंदीबाबू मी शिशाची अक्षरं जुळवायचो त्या खिळ्यांच्या पेटीपाशी आले. "हारान, आता अडवणारा कोण? दुर्गापूजेच्या अंकात पहिली गोष्ट भुताची जुळव. नाहीतर दुसरा छापखाना शोध." मी मान डोलावली. तिसऱ्या दिवशी कच्चं मुद्रित वाचताना ते खवळले. "ही तर निरुपमची मंगळावरची गोष्ट. आणि वर संपादकही तोच? मेलेला माणूस अंक काढतो होय रे?" मी निरुपमदांची लाल पेन्सिल कानामागे खोचली. "भूतच मागितलं होतंत ना, बाबू? घ्या. याच्याइतकं हट्टी भूत अख्ख्या कॉलेज स्ट्रीटवर दुसरं सापडायचं नाही."