निरोपाचा शब्द

"खारवण्याचा किनारा दाखवा. जन्मात एकदा तरी बघावा असा होता म्हणतात," रांगणेकर खुर्चीत रेलत म्हणाले.

त्यांच्याच हॉटेलाने तो किनारा गिळला होता, गावासकट. उरली होती फक्त शर्वाणी कुबलची आठवण. या खुर्चीत बसून लोक त्या आठवणीत फिरून येत. रांगणेकरांनी शर्वाणीला ओळखलं नाही. तिने त्यांना दारातच ओळखलं होतं.

"आत गेल्यावर बाहेरचं काही आठवत नाही," ती म्हणाली. "'येतो' म्हटलं की सहल सुरू होते, 'जातो' म्हटलं की संपते."

"येतो!" रांगणेकर हसले आणि त्यांचे डोळे मिटले.

शर्वाणी सहल दाखवणाऱ्या पडद्याकडे बघत राहिली. आठवणीतल्या आईने पाहुण्याला ओटीवर बसवलं, सोलकढी दिली. समोर निळंशार पाणी होतं. मग बुलडोझर आले. माड आडवे झाले, ओटीची भिंत कोसळली. रांगणेकर धुळीत धडपडत उठले.

"मी जा..."

आईने तशातही त्यांना अडवलं. "जातंय म्हणूचा नाय रे बाबा, येतंय म्हणूचा."

रांगणेकर चांगल्या वळणाचे होते. ओशाळून म्हणाले, "हो, हो. येतो."

पडद्यावर पुन्हा निळंशार पाणी आलं. आईने सोलकढी ओतली.

आजवरचे परदेशी पाहुणे आईचं न ऐकता आपापल्या भाषेत सरळ 'जातो' म्हणून सुटत. शर्वाणीने दाराला आतून कडी घातली आणि रांगणेकरांसमोर येऊन बसली.

"सावकाश या," ती म्हणाली.