फळीवरचं वजन

“बल्ब चांगला, होल्डर चांगला, बटणही चांगलं. मग काय भुताटकी आहे का?” शिडीवरचा वायरमन म्हणाला आणि त्याने लगेच जीभ चावली. या घरातली तरणीताठी मुलगी वर्षापूर्वी तापाने गेली, हे त्याला ठाऊक होतं.

खाली शिडी धरून तिची आईच उभी होती. स्वयंपाकघरातला हा दिवा रोज संध्याकाळी लुकलुकायचा, आणि आपली बबडीच येते अशी तिची खात्री होती. डोक्यावर लाकडी फळ्यांचं छत आणि त्यावर बबडीची खोली, कुलूपबंद. दिवा लुकलुकला की ती भाजी चिरता चिरता “आलीस का गं?” म्हणायची आणि दिवसभराचं सगळं सांगत बसायची. शेजारणीची भांडणं, स्वतःचे गुडघे आणि नवऱ्याची गाऱ्हाणी. गाऱ्हाणीच जास्त. “तुझ्या बाबांचं काळीज दगडाचं आहे बघ. तुझ्यासाठी टिपूससुद्धा गाळलं नाही त्यांनी.”

खोटं नव्हतं ते. मुलगी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने तिच्या खोलीला कुलूप ठोकलं, किल्ली खिशात टाकली आणि पुन्हा तिचं नाव काढलं नाही. काल सकाळी तर कहरच केला. “रोज दिव्याशी काय बडबडतेस? वायरिंग खराब झालंय, दुसरं काही नाही,” म्हणाला आणि वायरमनला बोलावून मोकळा झाला. तिने निमूटपणे कपड्यांची पिशवी भरली. दिवा दुरुस्त झाला की बहिणीकडे निघून जायचं, ते कायमचं. या घरात दिव्याशिवाय तिचं होतंच कोण? संध्याकाळी तिने दिव्याला तेही सांगून टाकलं.

वायरमनने खाली उतरून झाडू उलटा धरला आणि तो दांड्याने छताची एकेक फळी दाबत निघाला. खिडकीजवळच्या फळीपाशी दिवा लुकलुकला. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा लुकलुकला.

“सापडलं बघा!” तो म्हणाला. “या फळीखालचा वायरचा जोड सैल झालाय. वर वजन पडलं की फळी दबते आणि जोड हलतो. फळी वरूनच उचलावी लागेल. खोली उघडता का?”

“किल्ली यांच्याकडे असते. आणि वर कसलं वजन? वर्षभर बंद आहे ती खोली. माझी मुलगी येते हो, दुसरं कोणी नाही.”

वायरमनने तिच्याकडे पाहिलं. या वेळी त्याने जीभ चावली नाही.

“भुताला वजन नसतं, वहिनी.”

उद्या सकाळी येतो, तोवर हा दिवा लावू नका, असं बजावून तो गेला.

संध्याकाळी नवरा कामावरून आला. चहा घेतला आणि “फाटकाला कुलूप लावून येतो” म्हणून बाहेर पडला. रोज असाच जायचा आणि चांगला अर्धा तास घालवून यायचा. कुठे होतात, असं तिने कधी विचारलं नव्हतं. दगडाशी कोण बोलणार?

तिने मुद्दाम दिवा लावला.

थोड्या वेळाने वर फळी करकरली. दिवा लुकलुकला. “आलीस का” म्हणता म्हणता तिने वर फळ्यांकडे पाहिलं. वर्षभर ती जे जे बोलली, ते सगळं या फळ्यांच्या फटींतून वर गेलं होतं. दगड, टिपूस, कालची पिशवीसुद्धा. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती अंगणात आली. बाहेरच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्याच्या चपला होत्या, अगदी शेजारी शेजारी ठेवलेल्या. ती गुडघ्यावर हात ठेवत वर चढली. दार लोटलेलंच होतं. खिडकीजवळच्या खाटेवर, अंधारात, तो बबडीचा स्वेटर मांडीवर घेऊन बसला होता. तिला पाहताच त्याने गडबडीने तोंड पुसलं.

“ही खिडकी... नीट लागत नव्हती,” तो म्हणाला.

“सरका जरा,” ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी टेकली.

खाली स्वयंपाकघरातला दिवा या वेळी नुसता लुकलुकला नाही. दोघांच्या वजनाने तो पार विझला.