पिवळा रंग

सायकल चालवणारा माणूस चोरी करत नाही, अशी आमच्या संस्थेची श्रद्धा आहे. जुन्या सायकली रंगवून शाळकरी मुलींना देणारे आम्ही सगळे आपापल्या सायकलीला मात्र दोन कुलपं लावतो. नव्याने आलेल्या मृदुलाने श्रद्धाच खरी मानली. काल अंगणातून तिची सायकल गेली. वारलेल्या वडिलांची होती.

"चोर आपल्यातलाच आहे," गोगटेसर म्हणाले आणि त्यांनी मेकॅनिक इस्माईलभाईंकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? परवा टायर घरी कोण घेऊन गेलं?"

"तो नातवाच्या झोक्यासाठी होता."

यावर सगळेच एकमेकांच्या पिशव्यांकडे बघू लागले.

"बेटा, कुलूप लावलं होतंस?" भाईंनी मृदुलाला विचारलं.

"नाही. विश्वास होता."

"मग झालं. बिनकुलपाची दिसली की दानात आलेली, असंच धरतो आपण. कालच मी तिला पिवळा रंग मारला."

आज सकाळीच एका शाळेत मृदुलाने स्वतःच्या हाताने एका मुलीला पिवळी सायकल दिली होती. "जपून वापर गं," असंही सांगितलं होतं.

आता ती परत मागायची कुणी, यावर आमची बैठक बसली. मृदुला थांबली नाही. तिला सहाची बस गाठायची होती.