दाराबाहेरचा आवाज

नर्सला बँडची सगळी गाणी तोंडपाठ होती, पण त्यांना प्रत्यक्ष ऐकायची ही पहिलीच वेळ. छोटासा हॉल खचाखच भरला होता. शेजारच्या खुर्चीवर एक काकू बसल्या होत्या, कानांत कापसाचे बोळे घालून.

"तो मागे ड्रम बडवतोय ना, तो माझा मुलगा," काकू नाक मुरडत, पण कौतुकानं म्हणाल्या. "आज हट्टानं आणलंन मला. एरवी मी कशाला येतेय!"

तेवढ्यात नर्सचं सगळ्यात लाडकं गाणं सुरू झालं. पोरांनी ते घरातल्याच एका खोलीत रेकॉर्ड केलं होतं. त्यात मध्येच वाद्यं थांबतात आणि दाराबाहेरून एका बाईचा वैतागलेला आवाज येतो. पोरांनी तो काढून न टाकता तसाच ठेवला होता.

वाद्यं थांबली. अख्खा हॉल एका सुरात ओरडला, "आधी दोन घास खाऊन घ्या, मग काय ते बडवा!"

काकू दचकल्या. कापूस काढून त्यांनी नर्सचा हात धरला. "अगं बाई, हे तर माझं बोलणं! गाण्यात घातलं की काय मेल्यानं? बोलला नाही कधी. लोक हसत असतील मला!"

नर्सला परक्या गावातली आपली खोली आठवली. ड्यूटीवरून आल्यावर दिवाही न लावता ती तशीच पडून राहायची, हे गाणं कानाला लावून.

"हसत नाही हो, काकू," ती म्हणाली. "तुम्ही ओरडायचात, म्हणून मी उठून जेवायचे."