चंदेरी टोपीवाली

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि थेटरातल्या शेवटच्या रांगेत भिंगरीच्या शेजारी येऊन बसा. शनिवार दुपारचा खेळ आहे. पुढे बसलेल्यांच्या गळ्यात पिसांच्या माळा, पायांत सोनेरी बूट, गालांवर चमकी. वयानं मोठी माणसं, पण नटलीत अशी की नवरदेवानं लाजावं.

पडद्यावर नाइटक्लबचा मालक घोड्यावर बसून थेट नाचणाऱ्यांत शिरतो, पियानोत दारू ओततो आणि विचारतो, "झोप कुणाला आली?"

"तुझ्या घोड्याला," अख्खं थेटर एका सुरात म्हणतं.

पंचवीस वर्षांपूर्वी हा सिनेमा सपशेल आपटला होता. आता त्याची पारायणं चालतात.

नऊ वर्षांच्या भिंगरीला त्या धांगडधिंग्याशी घेणंदेणं नव्हतं. तिचे बाबा तिथले ऑपरेटर, मागच्या खोलीतून प्रोजेक्टर चालवायचे. सिनेमा मोठ्यांचा, म्हणून घोडा आल्यापासून मध्यंतरापर्यंतची दहाच मिनिटं ते तिला आत सोडत. त्यात सात सेकंद मागच्या टेबलाशी, धुरात, चंदेरी टोपी घातलेली एक बाई दिसायची.

ती भिंगरीची आई. भिंगरी पाळण्यात असतानाच ती वारली होती. त्या गर्दीत मी आहे, असं लग्न ठरताना तिनंच सांगितलं होतं, असं बाबा म्हणत.

सगळा क्लब बेभान नाचायचा आणि ही एकटी बसून राहायची. टाळी नाही, हसू नाही. बाबा म्हणत, तुझी आई अबोल होती गं. घरी आता दोघंच, तीही अबोल. शाळेतून आली की भिंगरी आरशासमोर तशीच बसून पाही, पापणी न हलवता.

त्या शनिवारी एक आजी पाहुण्या म्हणून आल्या होत्या. या सिनेमाचा कपडेपट त्यांनी सांभाळला होता आणि खेळ संपल्यावर स्टेजवर जाऊन त्या तेव्हाच्या गमती सांगणार होत्या. गुडघ्यांनी संप पुकारलाय म्हणत त्या भिंगरीशेजारीच टेकल्या.

सात सेकंद आले आणि गेले. आजी स्वतःशीच हसल्या. शूटिंग इतकं लांबलं होतं, त्या सांगू लागल्या, की गर्दीसाठी आणलेली माणसं कंटाळून घरी निघून गेली. मग कापडाच्या दुकानातून सात पुतळे आणून मागच्या टेबलांशी बसवले. टोप्या घातल्या, धूर सोडला. आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही.

"तिथे बाई एकही नव्हती?" भिंगरीनं विचारलं.

"औषधालाही नाही."

भिंगरीनं पडद्याकडे पाहिलं. पुढे लोक नाचत होते. मग तिनं आजींचा हात धरला. "आजी, हे स्टेजवर नका सांगू. बाबांना वाटतं, त्यातली एक माझी आई आहे. ते रोज एकटेच असतात. त्यांच्याकडे एवढंच आहे."

आजींचा चेहरा उतरला. नाही सांगणार, म्हणाल्या. कोण गं तुझे बाबा, असंही त्यांनी विचारलं.

मध्यंतराचे दिवे लागले. भिंगरीनं मागच्या छोट्या खिडकीकडे बोट दाखवलं. काचेआड बाबा उभे होते. आजींनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि खूप वेळ पाहत राहिल्या.

"भुवईवर व्रण आहे ना त्याच्या?"

"हो. दिवा पडला होता."

"आमच्याच सेटवर पडला, बाळा. सामान वाहायचा तेव्हा." आजींचा आवाज अगदी खाली आला. "ते पुतळे त्यानंच खांद्यावरून आणले. टोप्याही त्यानंच घातल्या."

भिंगरी उठली. मागच्या खोलीत गेली. बाबा पुढचं रीळ चढवत होते. तिनं मागून त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि म्हणाली, "बाबा, आज आई माझ्याकडे बघून हसली."